दूध संकलनाच्या वहीवरून डेटा विश्लेषण: प्रकार, पद्धत आणि प्रत्यक्ष उपयोग

डेटा विश्लेषणाचे प्रकार कुठल्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्याच धड्यात मिळतात. वर्णनात्मक, शोधक, निदानात्मक, अनुमानात्मक, भाकीतात्मक, निर्देशात्मक. नावं पाठ होतात, पण स्वतःच्या धंद्याची वही समोर उघडली की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून या लेखात एकच वही घेतली आहे आणि सगळे प्रकार तिच्यावरच चालवून दाखवले आहेत. ती वही गावातल्या दूध संस्थेची आहे.

ही निवड मुद्दाम केली आहे. संस्था १५० सभासदांची असेल तर दोन्ही वेळच्या मिळून महिन्याला ९,००० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट (दुधातल्या स्निग्धांशाची टक्केवारी), एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून उरणाऱ्या घन घटकांची टक्केवारी), दर आणि रक्कम. इतका नियमित आणि इतका बारीक डेटा शहरातल्या कित्येक दुकानांकडेही नसतो. त्यातून होतं काय, तर दहा दिवसांचा पगार निघतो, पावत्या वाटल्या जातात आणि वही कपाटात जाते. माझं ठाम मत आहे की याच नोंदींमध्ये जनावराचं आजारपण, यंत्राचा बिघाड, वैरणीची टंचाई आणि पुढच्या हंगामाचं दूध, सगळं दिसू शकतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल किंवा गूगल शीट्स येत असेल तर पुढचं सगळं जमतं. उदाहरणांतले लिटर, फॅट आणि रुपये हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तिथे आपल्या संस्थेचे आकडे घाला.

आधी प्रश्न लिहून काढा

संगणक उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: मला नक्की काय ठरवायचं आहे? "आमच्या डेटाचं विश्लेषण करायचं आहे" हा प्रश्न नव्हे. "गेल्या महिन्यात संघाने, म्हणजे आपलं दूध घेणाऱ्या दूध संघाने, मोजलेली फॅट आपण सभासदांकडे मोजलेल्या फॅटपेक्षा कमी का आली?" हा प्रश्न आहे. "दिवाळीत बल्क कूलर (जमा झालेलं दूध थंड ठेवणारी टाकी) पुरेल का?" हाही प्रश्न आहे.

विश्लेषणाचा प्रकार या वाक्यातूनच ठरतो. काय झालं, असं विचारलं तर वर्णनात्मक. का झालं, तर निदानात्मक. थोड्यांवर पाहिलेलं सगळ्यांना लागू पडेल का, तर अनुमानात्मक. पुढे काय होईल, तर भाकीतात्मक. मग आता काय करावं, तर निर्देशात्मक. शोधक विश्लेषण वर्णनात्मकनंतर, पण बाकी सगळ्यांच्या आधी येतं. त्यात प्रश्नच नीट सापडायचा असतो. हा क्रम पाळणं महत्त्वाचं. गेल्या महिन्यात किती दूध आलं हे धड सांगता येत नसताना पुढच्या महिन्याचं भाकीत करायला बसणारे बरेच भेटतात, आणि त्यांचे आकडे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत.

वही संगणकात आणताना

एक ओळ म्हणजे एका सभासदाचं एका वेळचं एका प्रकारचं दूध. सभासद गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध घालत असेल तर त्याच्या दोन ओळी. एका रकान्यात एकच गोष्ट. फॅट आणि एसएनएफ "३.५/८.५" असं एकाच चौकटीत लिहिलं की पुढे बेरीज-सरासरी काहीच होत नाही. चौकटी जोडून सुंदर मथळे करण्याचा मोहही टाळा. ते छापायच्या अहवालात ठीक, मूळ डेटात नको.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. देवनागरी कळफलक चालू ठेवून आकडे टाकले तर एक्सेल त्यांना बऱ्याचदा संख्या न धरता मजकूर धरतं. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. बेरीज शून्य आली की आधी हे पाहा. नोंदी इंग्रजी आकड्यांत ठेवा आणि छापताना देवनागरी करा. तारखाही सगळ्या एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर ५ एप्रिल आणि ४ मे यांची अदलाबदल होते आणि ती महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

सभासदांची नावं, बँक खाती, आधार क्रमांक या शीटमध्ये आणूच नका. विश्लेषणाला सभासद क्रमांक पुरतो.

साफसफाई: चुकीचा आकडा आणि वेगळा आकडा

गाईच्या दुधाची फॅट ३८ दिसली तर दशांश चिन्ह राहिलं आहे, हे उघड आहे. मूळ पावती काढून ३.८ करा. शून्य फॅट, शून्य लिटर, एकाच सभासदाची एकाच वेळची दोनदा झालेली नोंद, गाईच्या खात्यावर ६.९ फॅट हे सगळं क्रम लावून पाहिलं की लगेच वर येतं. फॅटच्या रकान्यात लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावा आणि वरच्या-खालच्या वीस-वीस ओळी डोळ्यांखालून घाला. साधा उपाय आहे, पण बऱ्याच चुका इथेच सापडतात.

विचित्र दिसणारा प्रत्येक आकडा मात्र चूक नसतो. नुकत्याच व्यायलेल्या जनावराच्या दुधात चिकाचा अंश राहिला तर एसएनएफ भलताच वर जातो. आटत आलेल्या म्हशीचं दूध दोन लिटरवर येतं आणि फॅट ९ च्या पुढे जाते. असे आकडे खोडू नका. शेजारी "तपासणी" नावाचा रकाना करा, त्यात खूण करा, सभासदाला विचारा आणि उत्तर तिथेच लिहा. मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही जपून ठेवा. पैशाशी बांधलेल्या डेटात हे पाळलंच पाहिजे.

वर्णनात्मक विश्लेषण: सरासरी कुठली घेता?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकवला जाणारा हा प्रकार. एका वेळचे दोनच सभासद धरू. एकाने १०० लिटर दूध घातलं, फॅट ३.२. दुसऱ्याने २० लिटर, फॅट ४.४. सरासरी फॅट किती? एव्हरेजचा फॉर्म्युला लावला तर ३.८ येते. पण कॅनमध्ये सगळं दूध एकत्र केल्यावर फॅट लागेल ३.४. हिशोब असा: १०० गुणिले ३.२ म्हणजे ३२०, २० गुणिले ४.४ म्हणजे ८८, बेरीज ४०८, भागिले एकूण १२० लिटर.

या दुसऱ्या सरासरीला भारित सरासरी म्हणतात. दुधाच्या हिशोबात फॅट आणि एसएनएफसाठी नेहमी हीच घ्यायची. एक्सेलमध्ये सम-प्रॉडक्ट फॉर्म्युल्याने लिटर आणि फॅटचे रकाने गुणून बेरीज काढा आणि लिटरच्या बेरजेने भागा. "आमची सरासरी ३.८ असताना संघ ३.४ कशी लावतो?" अशी भांडणं केवळ या फरकावरून होऊ शकतात.

त्याहून पक्की तुलना फॅट किलोवर होते. लिटरला साधारण १.०३ ने गुणलं की किलो मिळतात, त्याला फॅटच्या टक्केवारीने गुणलं की फॅट किलो. वरच्या १२० लिटरमध्ये फॅट साधारण ४.२ किलो. महिनाभरात सभासदांकडून किती फॅट किलो घेतली आणि संघाने किती मोजली, ही तफावत दर दहा दिवसांना लिहिली तर संस्थेचं आर्थिक आरोग्य एका ओळीत कळतं.

लिटरच्या बाबतीत उलट सावधगिरी हवी. नऊ सभासद रोज ६ लिटर घालतात आणि एक मोठा गोठा ९६ लिटर. सरासरी निघते १५ लिटर, आणि १५ लिटर घालणारा सभासद गावात एकही नाही. इथे मध्यक घ्या, म्हणजे सगळ्यांना क्रमाने उभं केल्यावर मधोमध येणारा आकडा. तो ६ येतो. पशुखाद्याची पोती किती किलोची मागवायची, आगाऊ उचल किती ठेवायची, हे ठरवताना सामान्य सभासद कसा आहे ते मध्यक सांगतो.

पिव्होट टेबल शिकून घ्या. सभासदवार, दिवसवार, सकाळ-संध्याकाळ, गाय-म्हैस अशी मांडणी त्यात काही क्षणांत होते आणि पुढचे सगळे प्रकार त्याच मांडणीवर उभे राहतात.

शोधक विश्लेषण: आलेख काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांनी १९७७ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. त्याआधी १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कोम यांनी चार छोटे संच दाखवले होते. चारही संचांची सरासरी, पसारा आणि परस्परसंबंध जवळजवळ एकसारखा, पण आलेख काढले की एक सरळ रेषा, एक वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकाच टोकाच्या ठिपक्याने सगळं चित्र ओढून नेलेलं. नुसत्या सरासरीवर विसंबणाऱ्याला ते चारही सारखेच वाटले असते.

आपल्या वहीवर तीन आलेख पुरे होतात. पहिला, रोजच्या एकूण लिटरची रेषा, वर्षभराची. त्यात थंडीतला पुष्टकाळ (जास्त दुधाचे दिवस) आणि उन्हाळ्यातला कृशकाळ (कमी दुधाचे दिवस) दिसेल, आणि त्यांत न बसणारे खड्डेही. दुसरा, एका सभासदाची फॅट, सकाळची एक रेषा आणि संध्याकाळची दुसरी. बहुतेक गोठ्यांत संध्याकाळची रेषा थोडी वर असते, कारण सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यातलं अंतर रात्रीच्या अंतरापेक्षा कमी असतं. अंतर कमी तर दूध कमी आणि फॅट जास्त. तिसरा, फॅटचा स्तंभालेख: ३.३ च्या किती नोंदी, ३.४ च्या किती, ३.५ च्या किती.

हा तिसरा आलेख शांतपणे पाहण्यासारखा आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीला धरून जाहीर होतो आणि त्याखाली दर घसरतो. नैसर्गिक दुधात ३.४, ३.५, ३.६ यांचे स्तंभ हळूहळू चढ-उतार होणारे असायला हवेत. ३.४ चा स्तंभ एकदम बुटका आणि ३.५ चा ताडमाड असेल तर मोजणी आणि नोंद यांच्यामध्ये कुठेतरी आकडा वर ढकलला जातोय. लगेच कुणावर बोट ठेवू नका. यंत्रावरून आकडा थेट संगणकात जातो की हाताने टाइप होतो, एवढं आधी तपासा.

निदानात्मक विश्लेषण: का झालं?

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रकार हा. याचं गाजलेलं उदाहरण १८५४ सालच्या लंडनचं आहे. सोहो भागात पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात किती मृत्यू झाले ते पाहिलं आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पाण्याच्या पंपाभोवती दाटलेले आढळले. त्यांचं खरं कौशल्य अपवाद तपासण्यात होतं. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले होते. ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. जवळ असून न मेलेले आणि लांब राहूनही तेच पाणी पिऊन मेलेले, अशा दोन्ही टोकांनी कारण पक्कं झालं.

संस्थेत हीच रीत वापरायची. समजा, फॅट घसरली आहे. पहिला प्रश्न: सगळ्यांची घसरली की काहींचीच? सगळ्यांची एकाच दिवसापासून आणि साधारण सारखीच घसरली, तर गावातल्या सगळ्या गाई एका रात्रीत बदलत नसतात. फॅट मोजणारं यंत्र बघा. मिल्क अ‍ॅनालायझर धुतला गेला का, कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राची मोजणी जुळवणं, हललं का, ते पाहायला तेच नमुने गर्बर पद्धतीने (आम्ल घालून फॅट वेगळी करून मोजण्याची पद्धत) तपासून आकडे शेजारी मांडा. फक्त एका वेळची घसरली, तर धारांच्या वेळा किंवा त्या वेळचा नमुना घेणारा माणूस बदलला का ते विचारा. एकाच वस्तीतल्या सभासदांची घसरली, तर तिथली वैरण बघा. ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्यांवर जनावरं राहतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळा लुसलुशीत चारा येतो आणि कडबा संपलेला असतो. रवंथ करायला तंतू कमी पडले की फॅट उतरते.

एकाच सभासदाची घसरली असेल तर फॅट आणि एसएनएफ शेजारी ठेवून वाचा. इथे दोन रकान्यांची जोडी एका रकान्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. दोन्ही एकाच प्रमाणात उतरले, म्हणजे फॅट ४.० वरून ३.६ आणि एसएनएफ ८.५ वरून ७.६५, तर दर दहा भागांत एक भाग पाणी असण्याची शक्यता बळकट होते, कारण पाणी दोघांनाही सारखंच पातळ करतं. नुसती फॅट उतरली आणि एसएनएफ जागेवर आहे, तर वैरण, किंवा शेवटची धार वासरू पिऊन जातंय. सडातलं शेवटचं दूध सर्वांत जास्त फॅटचं असतं. नुसता एसएनएफ उतरला आणि फॅट ठीक आहे, तर खुराक कमी पडतोय का ते बघा, आणि कासेचाही विचार करा. दगडीच्या (कासेच्या सुजेचा आजार) सुरुवातीला, कास दिसायला ठीक असतानाही, दुधातली साखर कमी होऊन एसएनएफ खाली येऊ शकतो. पशुवैद्यकाला वेळेवर बोलावता आलं तर सड वाचतो. वहीतल्या आकड्यांचा याहून मोलाचा उपयोग मला माहीत नाही. अर्थात आकड्यांवरून संशय येतो, निदान पक्कं होतं ते तपासणीने. म्हणून पाण्याचा आरोप किंवा आजाराचं नाव, दोन्ही तोंडातून काढण्याआधी नमुना पुन्हा घ्या.

एक फसवं वळण मात्र ओळखून ठेवा. डिसेंबरात गाईचं ३०० लिटर ३.६ फॅटचं आणि म्हशीचं २०० लिटर ६.८ फॅटचं आलं. केंद्राची भारित सरासरी ४.८८. मे महिन्यात गाईचं ३२० लिटर ३.७ चं आणि म्हशीचं ८० लिटर ७.० चं, सरासरी ४.३६. सभेत कुणीतरी उठून म्हणणार, फॅट अर्ध्या पॉइंटने घसरली, सभासद दुधात काहीतरी करतायत. प्रत्यक्षात गाईची फॅट वाढली आहे आणि म्हशीचीही. बदललं ते प्रमाण: पावसाळ्यात आणि थंडीत व्यालेल्या म्हशी उन्हाळ्यापर्यंत आटत आल्या, त्यांचं दूध कमी झालं. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एकूण आकडा हलला की गट पाडून पाहिल्याशिवाय कारण सांगू नका.

अनुमानात्मक विश्लेषण: थोड्यांवरून सगळ्यांचं

सगळ्या गाई, सगळी शेतं, सगळी घरं तपासता येत नाहीत. नमुना घेऊन सगळ्यांबद्दल बोलावं लागतं. या शास्त्रात भारताचं काम जगात नावाजलेलं आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणीच्या नमुना पद्धतीवर मूलभूत काम केलं. शेतातला फार लहान तुकडा कापून उत्पन्न मोजलं तर अंदाज जास्त येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत धरण्याकडे कल जातो आणि लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा असतो.

दुधाच्या नमुन्यात नेमकी हीच अडचण आहे. कॅन स्थिर राहिला की फॅट वर येते. वरवरचं दूध घेतलं तर फॅट जास्त लागते, तळातलं घेतलं तर कमी. नीट ढवळून घेतलेला नमुनाच पूर्ण कॅनबद्दल बोलू शकतो. नमुना चुकला तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

आता एक प्रयोग. नवं मिनरल मिक्श्चर सगळ्या सभासदांना सुचवायचं का? विक्रेता सांगतो म्हणून नको. आणि एका सभासदाचं दूध वाढलं म्हणूनही नको, कारण त्याची गाय नुकतीच व्यायली असेल. एकाच वेताच्या, साधारण एकाच वेळी व्यालेल्या, सारखं दूध देणाऱ्या गाईंच्या सहा जोड्या शोधा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवा की मिक्श्चर कुणाला द्यायचं. सभासदाला निवडू दिलं तर तो त्याची लाडकी गाय निवडेल. महिनाभराने प्रत्येक जोडीत कुणाचं दूध जास्त ते पाहा.

मिक्श्चरचा काहीच उपयोग नसेल तर प्रत्येक जोडीचा निकाल नाणेफेकीसारखाच. सहाच्या सहा जोड्यांत मिक्श्चरवाली गाय पुढे असण्याची शक्यता ६४ पैकी १, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. असं घडलं तर योगायोग म्हणून सोडून देणं कठीण. पण सहापैकी चार किंवा अधिक जोड्यांत पुढे असणं निव्वळ योगायोगानेही ६४ पैकी २२ वेळा घडतं, म्हणजे जवळजवळ तीनांत एकदा. "सहापैकी चार गाईंना फरक पडला" हे ऐकायला भारी वाटतं, पुरावा म्हणून फार कमकुवत आहे. अशा वेळी जोड्या वाढवा आणि पुन्हा करा. आणि किती टक्के वाढलं, हे मोजायला विसरू नका. फरक खरा असूनही खर्च भरून न निघण्याइतका लहान असू शकतो.

भाकीतात्मक विश्लेषण: पुढे किती दूध येईल?

कूलरची क्षमता, गाडीची फेरी, खाद्याची मागणी, सणासुदीची आगाऊ रक्कम हे सगळं पुढच्या दुधाच्या अंदाजावर चालतं. सुरुवात अगदी साध्या अंदाजाने करा: "उद्या आजच्याइतकंच येईल." हा झाला पाया. दुसरा अंदाज, गेल्या सात दिवसांची सरासरी. तिसरा, गेल्या वर्षी याच दहा दिवसांत त्याआधीच्या दहा दिवसांपेक्षा जितक्या टक्क्यांनी वाढ किंवा घट झाली, तितकीच यंदा धरायची.

यांतला कुठला चांगला, ते तपासून ठरवायचं. गेल्या वर्षाची वही घ्या, शेवटचे तीन महिने झाकून ठेवा, आधीच्या महिन्यांवरून अंदाज काढा, मग झाकलेले आकडे उघडा. रोज किती लिटरने चुकलो त्याची सरासरी काढा, अधिक-उणे चिन्ह सोडून. ज्याची सरासरी चूक कमी, तो ठेवा. कुणी मशीन लर्निंगची भारी पद्धत घेऊन आला तर त्यालाही याच परीक्षेला बसवा. साध्या अंदाजाला हरवत नसेल तर तिचा खर्च कशाला करायचा?

जुन्या आकड्यांपेक्षा चांगला आधार मात्र एका वेगळ्याच वहीत असतो, ती म्हणजे कृत्रिम रेतनाची नोंदवही. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस साधारण ३१० दिवसांनी. १५ फेब्रुवारीला गाईला रेतन झालं आणि ती गाभण राहिली, तर २२ नोव्हेंबरच्या आसपास विणार. त्याच दिवशी रेतन झालेली म्हैस २२ डिसेंबरच्या आसपास. गाभण तपासणीत पक्क्या झालेल्या जनावरांच्या तारखांत दिवस मिळवा आणि महिनावार मोजा. पुढच्या सहा महिन्यांत किती जनावरं नव्याने दुधात येणार आणि किती भाकड होणार, हे त्यातून आधीच दिसतं. दूध वाढण्याचं कारणच इथे नोंदलेलं असल्यामुळे दुष्काळी वर्षासारखी गेल्या वर्षापेक्षा वेगळी परिस्थिती आली तरी हा अंदाज पूर्ण कोलमडत नाही.

अंदाज सांगताना एकच आकडा सांगू नका. "दिवाळीत १,१५० लिटर" असं म्हणण्यापेक्षा "१,०८० ते १,२२०" असं सांगा आणि कूलरची तयारी वरच्या आकड्याला धरून करा.

निर्देशात्मक विश्लेषण: मग करायचं काय?

इथे रुपये मांडावे लागतात. समजा, एक किलो जादा खुराकाचा खर्च ३० रुपये. रोज १० लिटर देणाऱ्या गाईचं दूध त्याने अर्धा लिटर वाढतं आणि फॅट ०.२ ने. दूध ३२ रुपये लिटर धरलं तर वाढीव अर्ध्या लिटरचे १६ रुपये. फॅटच्या प्रत्येक ०.१ ला ३० पैसे धरले तर १० लिटरवर ६ रुपये. मिळाले २२, गेले ३०. ही गाय रोज ८ रुपये तोट्यात. तोच खुराक १८ लिटरच्या गाईला दिला, दूध ०.८ लिटर वाढलं आणि फॅट तितकीच, तर २५ रुपये ६० पैसे अधिक १० रुपये ८० पैसे, म्हणजे ३६ रुपये ४० पैसे. इथे नफा आहे. म्हणजे संस्थेने "सगळ्यांनी एक किलो खुराक वाढवा" असा फलक लावणं चूक ठरेल. जास्त दुधाच्या, नुकत्या व्यालेल्या गाईंच्या मालकांना तेवढा सल्ला द्यावा.

शीटमध्ये खुराकाचा दर, दुधाचा दर आणि अपेक्षित वाढ या तीन वेगळ्या चौकटी ठेवा आणि बाकी सगळं त्यांच्यावर बांधा. दर बदलला की निर्णय बदलतो का, ते लगेच दिसेल. वाढ निम्मीच झाली तर काय, हेही घालून बघा. सरकी पेंड, मका, गोळी पेंड, कडबा यांचं सर्वांत स्वस्त मिश्रण काढायचं असेल तर एक्सेलमधलं सॉल्व्हर (दिलेल्या अटी पाळून सर्वांत स्वस्त उत्तर शोधणारी सोय) वापरता येतं. प्रथिनं, ऊर्जा आणि तंतू यांच्या किमान मर्यादा मात्र पशुआहार तज्ज्ञाकडून घ्या. स्वस्तात स्वस्त मिश्रण काढायला सांगितलं आणि तंतूची अट घालायची राहिली, तर संगणक कडबा काढून टाकेल आणि जनावराचं पोट बिघडेल.

कामाला लावताना

पहिल्या महिन्यात फक्त साफसफाई आणि दर दहा दिवसांची फॅट किलो तफावत, एवढंच करा. दुसऱ्या महिन्यात तीन आलेख. तिसऱ्यात सभासदवार इशारा: ज्याची फॅट किंवा एसएनएफ त्याच्याच गेल्या ३० दिवसांच्या सरासरीपेक्षा सलग तीन दिवस खाली आहे, त्याचा क्रमांक लाल व्हावा. तुलना गावाच्या सरासरीशी न करता त्या सभासदाच्या स्वतःच्या सरासरीशी करा; प्रत्येक गोठ्याची जात, वेत आणि वैरण वेगळी असते. प्रयोग आणि भाकितं वर्षभराचा स्वच्छ डेटा जमल्यावर.

संस्थेच्या फलकावर एकच कागद लावा: एकूण लिटर, भारित फॅट, गाय आणि म्हैस वेगवेगळी, आणि मागच्या वर्षीचे त्याच दहा दिवसांचे आकडे. त्यावर कुणाही सभासदाचं नाव किंवा क्रमांक नको. लाल झालेल्या क्रमांकाची गोष्ट सचिवाने त्या सभासदाला बाजूला घेऊन सांगावी आणि पहिला प्रश्न "गाय कशी आहे?" हाच विचारावा. त्याने दिलेलं उत्तर तारखेसह "तपासणी"च्या रकान्यात उतरवा. सहा महिन्यांनी हाच रकाना गाळून पाहिला की किती इशारे आजाराचे निघाले, किती वैरणीचे, किती यंत्राचे आणि किती उगाचच वाजले ते कळेल. उगाच वाजणारे जास्त असतील तर तीन दिवसांची अट पाच दिवसांची करा.